‘पिटिफुल’ : एका विशेषणाची घसरण

कित्येक वर्षें मीं माझ्या विद्यार्थ्यांना एक चूक शिकविली, आणि ती चूक आहे अशी शंकाही मला कधीं आली नाहीं. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकांतील तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचकांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. राजाचा खून करून सिंहासनावर बसलेल्या मॅकबेथनें आतां आपला जुना सोबती बँको आणि त्याचा मुलगा यांच्यावर मारेकरी घातले आहेत. संध्याकाळ होत आली आहे. बायकोला यांतलें कांहीं न सांगतां तो रात्रीला हांक मारतो आणि दिवसाचा कोमल डोळा तूं बांधून टाक असें तिला विनवितो. या दिवसाला कवीनें ‘पिटिफुल’ हें विशेषण लाविलें आहे. मी वर्गांत सांगत असें, ‘मावळतीला फिकट पडलेला, केविलवाणा दिवस.’ चित्र बरें दिसे. मुलें तें उतरून घेत, परीक्षेंत तेंच लिहीत, आणि मी त्याबद्दल गुण देत असें.

कांहीं वर्षांपूर्वीं मागच्या बांकावर बसणाऱ्या एका विद्यार्थिनीनें तास संपतां संपतां विचारिलें, “सर, दिवस जर केविलवाणा असेल, तर त्याचा डोळा बांधायची मॅकबेथला गरज काय? केविलवाण्याला कोण भिणार?” “पुढच्या तासाला सांगतों,” असें म्हणून मीं वेळ मारून नेली. शिक्षकाच्या धंद्यांत हें वाक्य फार उपयोगाचें आहे. पण घरीं गेल्यावर प्रश्न मनांतून जाईना. तेव्हां मोठा कोश काढला, आणि माझें मलाच ओशाळल्यासारखें झालें. त्या जागीं ‘पिटिफुल’ म्हणजे केविलवाणा नव्हेच. तेथें त्याचा अर्थ दयाळू, कनवाळू असा आहे.

एवढें कळल्यावर तो सारा प्रवेश मला नव्यानें दिसूं लागला. दिवसाच्या डोळ्यांत दया आहे, आणि मॅकबेथला भय आहे तें त्या दयेचें. तो डोळा उघडा राहिला तर आपलें काळीज विरघळेल, हें तो जाणतो. म्हणून रात्रीनें तो बांधावयाचा. तेथें रात्रीसाठीं कवीनें जो शब्द योजिला आहे, तोही ससाणे पाळणाऱ्यांच्या धंद्यांतला आहे. नव्यानें धरलेला ससाणा माणसाळावा म्हणून हे लोक त्याच्या पापण्या दोऱ्यानें शिवून टाकीत. पहिल्या अंकांत याच मॅकबेथनें दयेची कल्पना वाऱ्यावर स्वार झालेल्या नग्न तान्ह्या बालकाच्या रूपानें केली होती. त्या बालकाला तो तेव्हांही भ्यालेला होता. दया ही दुबळ्या मनाची वस्तु आहे असें शेक्सपिअरचा हा खुनी मानीत नाहीं. तिच्यांत आपले हात थांबविण्याचें बळ आहे, हें तो ओळखून आहे. मी मात्र एका विशेषणाचा आजचा अर्थ चारशें वर्षांपूर्वींच्या ओळीवर लादून त्या बळाचा केविलवाणेपणा करून टाकिला होता.

ही चूक माझी खरीच. पण तिला इंग्रजी भाषेचा इतिहासही थोडा जबाबदार आहे. जो शब्द एके काळीं देवाला लावीत, तोच आज एखाद्या भिकार निबंधाला, तुटपुंज्या पगाराला किंवा लंगड्या सबबीला लावतात. ‘पिटिफुल’ असें आज कोणाला म्हटलें, तर त्याला राग येईल. ही उलथापालथ कशी झाली, हें पाहण्यासारखें आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. ‘पिएतास’ हा त्या भाषेंतला एक भारदस्त शब्द. देव, आईबाप, आप्त आणि देश यांच्याविषयींचें आपलें कर्तव्य निष्ठेनें पाळणें म्हणजे ‘पिएतास’. व्हर्जिलनें आपल्या महाकाव्याचा नायक ईनीअस याला याच कुळांतलें विशेषण बिरुदासारखें लाविलें आहे. जळत्या ट्रॉय नगरांतून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडणारा पुत्र म्हणजे रोमन लोकांच्या दृष्टीनें मूर्तिमंत ‘पिएतास’. आपल्याकडील वाचकांना येथें श्रावणबाळाची आठवण होईल. रोमन लोकांनीं या गुणाला देवता मानून तिचें देऊळ बांधिलें आणि नाण्यांवर तिची मूर्ति काढिली. या शब्दांत तोंपर्यंत कींव नव्हती. होती ती निष्ठा आणि आपलेपणा.

पुढें ख्रिस्ती धर्माच्या लॅटिनमध्यें या शब्दावर दुसरा रंग चढला. ईश्वराची माणसावरची माया आणि माणसाची दुःखितांवरची दया असा अर्थ त्याला येत गेला. फ्रेंच भाषेंत या एकाच शब्दाचीं दोन रूपें झालीं, आणि तीं दोन्हीं इंग्रजींत आलीं. ‘पायटी’ म्हणजे धर्मनिष्ठा आणि ‘पिटी’ म्हणजे दया. मध्ययुगीन इंग्रजींत या दोन भावंडांची बरीच सरमिसळ होई. पुढें दोघांच्या वाटण्या झाल्या. इटालियन भाषेंत मात्र ‘पिएता’ हें घर एकत्रच राहिलें. मायकेलअँजेलोनें 1498-99 च्या सुमारास घडविलेल्या प्रसिद्ध शिल्पांत मेरीच्या मांडीवर तिच्या पुत्राचें निष्प्राण शरीर आहे. त्या शिल्पाला ‘पिएता’ म्हणतात तेव्हां दया, शोक आणि भक्ति हे तिन्ही भाव त्या एका नांवांत येतात. त्याच्या थोडें आधीं, 1462 मध्यें, पेरूजा शहरांत फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेनें गरिबांना गहाणावर हलक्या व्याजानें कर्ज देणारी एक संस्था निघाली. या जातीच्या संस्थांना ‘दयेचा डोंगर’ अशा अर्थाचें नांव पडलें. डोंगर म्हणजे येथें पैशाचा सांठा. सावकाराच्या कचाट्यांतून माणसाला सोडविणारी पेढी दयेच्या नांवानें चाले, आणि त्या नांवांत घेणाऱ्याचा कमीपणा नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजींत ‘पिटी’ला ‘फुल’ हा प्रत्यय लागून आपलें विशेषण झालें. त्याचा सरळ अर्थ ‘दयेनें भरलेला’. पण भरलेला म्हणजे कोण? ज्याच्या अंतःकरणांत दया आहे तो, कीं ज्याला पाहून दुसऱ्याचें अंतःकरण दयेनें भरून यावें तो? आपल्या भाषेंत हा घोटाळा होत नाहीं. दया करणारा तो दयाळू आणि दया करावी असा तो दयनीय. संस्कृतानें दोघांना दोन वेगळे प्रत्यय दिले आहेत. ‘लज्जाशील’ आणि ‘लज्जास्पद’ यांत गफलत करणारा मनुष्य मराठींत हंशाचा विषय होईल. इंग्रजी ‘फुल’ला मात्र असा भेद करतां येत नाहीं. ‘फिअरफुल’ म्हणजे भित्रा, आणि भीतिदायकही. ‘डाउटफुल’ म्हणजे संशयांत पडलेला, आणि संशयास्पदही. तसाच ‘पिटिफुल’ हा शब्द. पंधराव्या शतकांतच तो दाता आणि याचक या दोघांच्याही अंगावर घालतां येत होता.

1611 सालीं इंग्लंडांत राजाज्ञेनें बायबलचें जें भाषांतर झालें, त्यांत हा शब्द दात्याच्या अंगावर आहे. जेम्सच्या पत्रांत प्रभु अत्यंत ‘पिटिफुल’ आहे असें सांगितलें आहे, आणि पीटरच्या पहिल्या पत्रांत भाविकांना ‘पिटिफुल’ व्हा असा उपदेश आहे. आजच्या इंग्रजी कानाला ही निंदाच वाटेल. म्हणूनच 1881 सालीं नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली तेव्हां विद्वानांनीं या दोन्ही ठिकाणांहून हा शब्द काढून टाकिला.

पण एके ठिकाणीं तो पुष्कळ काळ राहिला. जुन्या करारांतील ‘विलापगीतें’ या भागांत, इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत बाबिलोनच्या सैन्यानें जेरुसलेमला घातलेल्या वेढ्याचें वर्णन आहे. उपासमारीनें नगरांतल्या स्त्रियांनीं स्वतःचीं मुलें शिजवून खाल्लीं, असें तेथें म्हटलें आहे. या स्त्रियांना भाषांतरकारांनीं ‘पिटिफुल’ म्हटलें. आजचा वाचक याचा अर्थ ‘त्या बिचाऱ्या, दीनवाण्या बायका’ असा करील आणि पुढें जाईल. मूळ अर्थ याच्या उलट आणि कितीतरी भयंकर आहे. ज्या बायकांचीं मनें मायेनें भरलेलीं होतीं, त्यांच्याच हातून हें झालें. त्या क्रूर नव्हत्या, आणि आपल्याहून निराळ्याही नव्हत्या. भूक कोमल हातांनाही काय करावयास लावते, हें त्या एका विशेषणांत कवीनें सांगितलें होतें. विशेषणाचा अर्थ उलटला कीं वाचकाला त्या बायकांची फक्त कींव येते. मूळ अर्थ कळला कीं त्या बायका आपल्याच घरांतल्या दिसूं लागतात. अमेरिकेंत 1952 सालीं पुरी झालेल्या आवृत्तींत येथें ‘दयार्द्र’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला, तेव्हां कोठें ही वाट मोकळी झाली.

शब्दांचा इतिहास सांगतांना आपण नेहमीं एक सोपी शिडी लावतों : आधीं हा अर्थ होता, मग तो झाला, शेवटीं आजचा आला. ‘पिटिफुल’च्या बाबतींत ही शिडी टिकत नाहीं. सतराव्या शतकाच्या पहिल्या सहासात वर्षांतलीं शेक्सपिअरचीं तीन नाटकें घेतलीं तरी पुरे. ‘मॅकबेथ’मधला दयाळू दिवस आपण पाहिलाच. ‘ऑथेल्लो’ नाटकांत त्या सेनापतीनें आपल्या संकटांची कथा सांगितली, ती ऐकून डेस्डिमोनाला जें वाटलें तें याच शब्दानें सांगितलें आहे. तेथें त्याचा अर्थ हृदय हेलावणारी, करुण. आणि ‘हॅम्लेट’मध्यें राजपुत्र नटांना उपदेश करतो. लिहून दिलेल्यापेक्षां जास्त बडबड करून प्रेक्षकांना हंसविणाऱ्या विदूषकाची महत्त्वाकांक्षा ‘पिटिफुल’ आहे, असें तो म्हणतो. तेथें अर्थ क्षुद्र, तिरस्करणीय. एकाच लेखणींतून एकाच दशकांत तिन्ही अर्थ उतरले. 1755 सालच्या जॉन्सनच्या कोशांतही हे तिन्ही एकत्र नांदतात.

म्हणजे नवा अर्थ येऊन जुना हुसकला गेला, असें नाहीं. तिघे एकाच घरांत पुष्कळ दिवस राहिले, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हळूहळू पहिला घराबाहेर पडला. दया करणारा ‘पिटिफुल’ पुस्तकांतला झाला; दयेला पात्र असलेला थोडाबहुत उरला; आणि तुच्छ या अर्थाचा बोलण्यांत सर्वांत सोकावला. आज इंग्रजी लिहिणाऱ्यानें खऱ्या दुःखाविषयीं लिहितांना ‘पिटिएबल’ अगर ‘पिटिअस’ हे शब्द योजणें बरें. त्यांतही ‘पिटिअस’ हा आर्त हंबरड्याला शोभतो आणि ‘पिटिएबल’ हा हलाखीच्या स्थितीला. या दोन्ही शब्दांनींही एके काळीं दयाळू हा अर्थ वाहिला होता, आणि दोघांनींही तो टाकिला. दयेच्या अभावाचा शब्द मात्र जागचा हलला नाहीं. ‘पिटिलेस’ म्हणजे आजही निर्दय. ज्याच्यापाशीं दया नाहीं तोच. निर्दयतेचें विशेषण माणसाच्या काळजाशीं राहिलें, आणि दयेचें विशेषण काळजांतून निघून समोरच्याच्या फाटक्या कपड्यांवर जाऊन बसलें.

‘पॅथेटिक’ या शब्दाचेंही असेंच झालें आहे. ग्रीक ‘पॅथॉस’पासून निघालेला हा शब्द भावनेला हात घालणारें असा मानाचा अर्थ घेऊन आला. बीथोव्हेनची एक पियानो-रचना आणि चायकोव्हस्कीची 1893 सालची शेवटची सिंफनी या नांवानें ओळखल्या जातात, ती त्यांची स्तुतीच आहे. आजची तरुण मुलें मात्र हरलेल्या क्रिकेटसंघाला ‘पॅथेटिक’ म्हणतात. तेव्हां हा एका शब्दाचा अपघात नाहीं. दयेच्या शब्दांना तिरस्काराकडे घसरण्याची ओढच असते, असें दिसतें.

ती ओढ कशाची? मला याचें सर्वांत चांगलें उत्तर ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत सांपडतें. त्याच्या मतें दया ही एक वेदना आहे, आणि तिला दोन अटी आहेत. समोरच्यावर आलेलें संकट त्याच्या लायकीचें नाहीं असें आपणांस वाटलें पाहिजे. आणि तसेंच संकट आपणांवर किंवा आपल्या माणसांवर येऊं शकेल, हेंही वाटलें पाहिजे. या दोन अटींपैकीं एक ढिली झाली कीं दयेचा कस उतरूं लागतो. ‘त्याचें त्यानेंच ओढवून घेतलें’ असें मनांत आलें, कीं पहिली अट गेली. ‘आमच्यावर अशी पाळी यायची नाहीं’ असें वाटलें, कीं दुसरी गेली. मग उरते ती कींव. आणि कींव व तिरस्कार यांची घरें एकमेकांना लागूनच आहेत.

इंग्लंडच्या इतिहासांत या दोन्ही अटी कायद्यानें ढिल्या केल्याचें दिसतें. 1531 सालच्या कायद्यानें पंगूंना भीक मागण्याचा परवाना आणि धडधाकट भिकाऱ्यांना फटके अशी विभागणी केली. 1536 ते 1540 या काळांत आठव्या हेन्रीनें मठ मोडले, आणि त्यांच्या दारांशीं मिळणारें अन्नदान बंद पडलें. 1547 चा कायदा तर भटक्यांच्या छातीवर डाग देऊन त्यांना दोन वर्षें गुलाम करणारा होता; तो चालविणें अशक्य ठरून लवकरच रद्द झाला. 1601 च्या प्रसिद्ध कायद्यानें गरिबांना पोसण्याचा भार प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दींतल्या गांवकीवर टाकिला. ही सुधारणाच होती. पण 1697 सालीं असें ठरलें कीं, मदत घेणाऱ्यानें आणि त्याच्या बायकामुलांनींही उजव्या बाहीच्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचें ‘पी’ हें अक्षर, पॅरिशच्या आद्याक्षरासह, उघड दिसेल असें लावावें. हा नियम 1810 पर्यंत पुस्तकांत होता. पुढें 1834 च्या कायद्याचें तत्त्व असें कीं, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिति सर्वांत गरीब मजुराच्या स्थितीहून कमी सुखाची असली पाहिजे. त्यासाठीं ‘वर्कहाउसें’ उघडलीं, आणि त्यांत नवरा, बायको व मुलें यांना वेगवेगळें ठेविलें. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट 1837 पासून छापून येऊं लागला, तो याच वातावरणांत. ही सारी कायद्याची इमारत 1948 सालीं कायमची मोडण्यांत आली.

या कायद्यांमुळें ‘पिटिफुल’चा अर्थ बिघडला, असें माझें म्हणणें नाहीं. तुच्छतेचा अर्थ 1601 च्या कायद्याआधींच बोलण्यांत आला होता, आणि शब्द कोणत्याही पार्लमेंटच्या हुकुमानें चालत नाहींत. पण ज्या समाजांत मदतीआधीं लायकीची चौकशी होते आणि मदत घेणाऱ्याच्या खांद्यावर अक्षर शिवतात, त्या समाजांत दयाळू आणि दयनीय या दोन अर्थांपैकीं कोणता जगेल आणि तो कोणत्या बाजूला कलेल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

हें तत्त्व जहाजांत बसून आपल्याकडेही आलें होतें. 1876-78 च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांतले लक्षावधि लोक दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. खरोखर गरजू कोण आणि ऐतखाऊ कोण, हें ओळखण्यासाठीं दोन कसोट्या लाविल्या गेल्या : काम घरापासून दूर असावें, आणि मजुरी जेमतेम जीव जगेल एवढीच असावी. सर रिचर्ड टेंपल यांनीं 1877 मध्यें पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, असें माप पुढें केलें. तेव्हां मुंबई इलाख्यांतल्या पुष्कळ उपाशी लोकांनीं त्या मजुरीवर आणि त्या लांबच्या कामांवर जाण्याचें नाकारून कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. सरकारी कागदांच्या दृष्टीनें ते दयेचे धनी होते. पोटांत अन्न नसतांना त्यांनीं अपमानाची मजुरी नाकारली, ही गोष्ट मात्र ‘बापुडे’ या शब्दांत बसत नाहीं.

इंग्रजांना नांवें ठेवून आपण सुटलों, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या कोशांतही हीच घसरण आहे. ‘कृपा’ आणि ‘कृपण’ हे दोन शब्द एकाच मुळांतून निघालेले आहेत. जुन्या संस्कृतांत कृपण म्हणजे ज्याच्यावर कृपा करावी असा दीन. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो कीं, अक्षरब्रह्म न जाणतां जो या जगांतून जातो तो कृपण होय. तेथें चिक्कूपणाचा संबंध नाहीं, कळवळा आहे. पुढें त्या दीनाला आपण कंजूष ठरविलें. आश्चर्य असें कीं, युरोपांतही हेंच घडलें. लॅटिन ‘मिझेर’ म्हणजे दुःखी, दीन. आणि त्यावरूनच दयेला ‘मिझेरिकोर्डिया’ हें नांव मिळालें. इंग्रजींत आल्यावर तोच ‘मिझेर’ ‘मायझर’ होऊन कवडीचुंबक झाला. हजारों कोसांच्या अंतरावर दोन समाजांनीं दुःखी माणसाकडे पाहतां पाहतां त्याचा तिरस्कार करावयास सुरुवात केली, आणि दोघांनींही त्याला एकच शिवी दिली.

फारसीवाटे आलेले दोन शब्द याहून बोलके आहेत. ‘चारा’ म्हणजे उपाय. ज्याला उपाय नाहीं तो ‘बेचारा’, आणि ‘ला’ हा अरबी नकार लावला तर तोच ‘लाचार’. अर्थ एकच : निरुपाय झालेला. हिंदींत लाचार अजूनही बहुधा निरुपायच आहे. मराठींत मात्र बिचाऱ्याला आपण जवळ घेतलें आणि लाचाराला हांकून दिलें. लाचार म्हणजे आतां स्वाभिमान विकलेला, पुढेंपुढें करणारा. दोघे सख्खे भाऊ; दोघांवर आलेलें संकटही एकच. एकाविषयीं आपण ‘त्याचा काय दोष?’ असें म्हटलें, आणि दुसऱ्याविषयीं ‘त्याचाच दोष’ असें म्हटलें. ॲरिस्टॉटलची पहिली अट कोठें तुटते, हें दाखवावयास याहून चांगलें उदाहरण मला सांपडलेलें नाहीं. ‘कींव’ या शब्दाचीही तीच गति. ‘मला तुमची कींव येते’ असें भांडणांत म्हणतात, सांत्वनांत नव्हे.

तरीपण आपल्याकडे ‘कळवळा’ आणि ‘कनवाळू’ हे दोन शब्द अजून शाबूत आहेत. कळवळा समोरच्याला नसतो. तो आपल्याच पोटांत उठतो, आणि त्यांत दुखतें तें आपलें. कनवाळू म्हटलें कीं आई आठवते, पंढरीची विठाई आठवते. कोणाचा अपमान होत नाहीं. इंग्रजींत हरवलेला ‘पिटिफुल’चा पहिला अर्थ मराठींत आणावयाचा तर याच शब्दानें आणतां येतो. हें माझ्या आधींच ध्यानांत यावयास हवें होतें. पण वर्षानुवर्षें मी कोश उघडण्याऐवजीं सवयीवर विसंबून राहिलों.

पुढच्या तासाला मीं वर्गांत सरळ सांगितलें कीं, मी आजपर्यंत चुकीचें शिकवीत होतों, आणि ती चूक त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळें कळली. मुलें जरा गोंधळलीं. एकदोघांनीं परीक्षेंत नेमकें काय लिहावयाचें, हें पुनः विचारून घेतलें. माझ्या प्रतींतील ‘केविलवाणा’ हा समासांतला शब्द खोडून मीं ‘कनवाळू’ असें लिहिलें.

त्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासतांना मात्र कांहींजणांच्या उत्तरांत जुना केविलवाणा दिवस पुनः भेटला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या एका हातांतून दुसऱ्या हातांत जात अजून कॉलेजांत फिरत आहेत. त्या उत्तरांना मीं पूर्ण गुण दिले. चूक त्यांची नव्हती; आणि माझ्यावर अशी पाळी कधीं येणारच नाहीं, असें म्हणावयास मला आतां तोंडही नव्हतें.